एका दिवसात बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान : काय पाहावे आणि काय सोडावे?

चाफेकळी
४ जानेवारी, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात माझी नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन लातूरहून आमच्याकडे दादरला येत आहे. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. समुद्र त्यांनी मागच्या खेपेस पाहिला असल्यामुळे या वेळी दोघांनी जंगल पाहण्याचा हट्ट धरला आहे. बरोबर माझे सासरेही येणार आहेत. त्यांचे वय चौऱ्याहत्तर असून चालण्याची हौस अजून शाबूत आहे, परंतु गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत.

मी स्वतः संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शाळेच्या सहलीबरोबर एकदाच गेले होते आणि मला केवळ 'वनराणी' ही छोटी आगगाडी आठवते. आमच्या हाती सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा एकच दिवस आहे. व्याघ्र आणि सिंह विहार, नौकाविहार, कान्हेरीची लेणी, निसर्गवाटा हे सारे एका दिवसात करण्याचा प्रयत्न केला तर काहीच धड होणार नाही, असे मला वाटते. आपण माझ्या जागी असता तर काय निवडले असते? शिवाय सासूबाईंना बिबट्याची भीती वाटते आणि त्या मुलांना पाठवायलाच तयार नाहीत. त्यांना काय सांगावे, हेही कृपया सुचवावे.

बोरिवलीकर
४ जानेवारी, रात्री ९.५०

ताई, सर्वांत आधी हे लक्षात ठेवा की सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. दूरवरून आलेली कुटुंबे सोमवारी फाटकावरून हिरमुसून परतताना मी अनेकदा पाहिली आहेत. शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी जावे. दादरहून जलद लोकलने बोरिवलीला उतरून पूर्वेला आलात की तिथून रिक्षा मिळते. मेट्रोने येणार असाल तर सात क्रमांकाच्या मार्गिकेवर 'राष्ट्रीय उद्यान' याच नावाचे स्थानक आहे. मुख्य फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. आतली बस मिळते, पण उतरताच परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते चालकाला विचारून घ्यावे. वनराणीबद्दल सांगायचे तर २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात तिच्या रुळांचे मोठे नुकसान झाले आणि ती थांबली. मुलांना तिचे वचन देण्यापूर्वी चौकशी करावी.

दोन मुलांचा बाबा
४ जानेवारी, रात्री १०.३०

माझा अनुभव सांगतो. आम्ही थोरल्याला सात वर्षांचा असताना नेले होते आणि जाळीच्या बसमधून दहा फुटांवर वाघ पाहिल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी आजवर विसरलेलो नाही. त्याच दिवशी दुपारी आम्ही त्याला लेण्यांच्या पायऱ्या चढायला लावल्या आणि तो अर्ध्या वाटेवर रडू लागला. सात वर्षांच्या मुलीला पाने-फुले आणि शिलालेख दाखवून तिचा दिवस साजरा होईल, असे मला वाटत नाही. व्याघ्र विहार आणि नौकाविहार करावा, झाडाखाली डबा खावा आणि चारच्या सुमारास परत निघावे.

पायवाट
५ जानेवारी, सकाळी ६.४०

मी वीस वर्षे या जंगलात पहाटे फिरत आलो आहे, त्यामुळे वरील मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. विहारातले वाघ बंदिस्त आवारातले आहेत आणि सिंह तर या जंगलाचा रहिवासीच नव्हे. ते अवश्य पाहावेत, पण ते पाहिले म्हणजे मुले जंगल पाहून आली असे मात्र म्हणता येणार नाही.

हे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे जंगल आहे आणि ते एका महानगराच्या हद्दीत उभे आहे. येथे चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर आणि मुंगूस आहेत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. सकाळी सातच्या आत फाटकातून आत शिरलात आणि अर्धा तास न बोलता चाललात, तर तांबटाची ठोक ऐकू येईल, हळद्या दिसेल आणि नशीब असेल तर शेपटीच्या टोकाला दोन लांब पिसे मिरवणारा भृंगराज एखाद्या माकडाच्या टोळीमागोमाग उडताना दिसेल. पानांच्या खळबळीने उडणारे किडे टिपण्यासाठी तो असा मागे लागतो. हे एकदा समजावून सांगितले की अकरा वर्षांचा मुलगा दिवसभर माकडांच्या मागे भृंगराज शोधत राहतो, हे मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत पाहिले आहे.

शिलोंड्याची वाट सुंदर आहे, परंतु तिच्यासाठी परवानगी लागते. फाटकाजवळच्या निसर्ग माहिती केंद्राकडून जाणकार माणसाबरोबर होणाऱ्या फेरीची आगाऊ चौकशी करावी. गुडघ्यांचा विचार करता सासऱ्यांनी ही वाट धरू नये.

लेणीप्रेमी
५ जानेवारी, दुपारी १.२०

आतापर्यंत कोणीही कान्हेरीची बाजू मांडलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चाफेकळीताई, लातूरहून पाहुणे येत आहेत हे वाचल्यावर माझ्या मनात लेण्यांमधील शिल्पांच्या आधी तिथल्या पाण्याचा विचार आला.

कान्हेरीला काळ्या बसाल्टमध्ये खोदलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि पुढे हजारएक वर्षे हा बौद्ध भिक्षूंचा मठ नांदता राहिला. जुन्या लेखांत या डोंगराला कृष्णगिरी म्हटले आहे आणि त्यावरूनच कान्हेरी हे नाव आले. आता प्रश्न असा की इतके भिक्षू या डोंगरावर बारा महिने राहत कसे होते? मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो आणि घळीतला ओढा उन्हाळ्यात आटतो. म्हणून त्यांनी राहण्याची लेणी खोदताना अंगणाच्या कडेला पाण्याचे टाकेही खोदले. शिलालेखांत या टाक्याला पोढी असा शब्द आहे. लेण्याच्या माथ्यावरील उघड्या कातळात बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरून पावसाचे पाणी या पोढीत उतरवलेले आहे. अनेक पोढ्यांचे तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी आहे, त्यामुळे ऊन आत पोहोचत नाही आणि पाणी वाफ होऊन उडून जात नाही. घळीत जुन्या बांधाचे अवशेषही दिसतात. एका खोलीची सोय एका टाक्याने आणि साऱ्या वस्तीची सोय एका बांधाने, असा हा विचार आहे.

या पोढ्या दानातून झाल्या, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा आणि चौल येथील दात्यांचे उल्लेख आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, आणि कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेखही आहे. आज आपण ज्या कल्याणहून लोकलने येतो, त्याच कल्याणच्या एका कारागिराने आपल्या मिळकतीतून डोंगरावरील परक्या माणसांच्या पाण्याची सोय केली, हे मुलांना त्या टाक्यासमोर उभे करून सांगावे.

सासऱ्यांसाठी सांगायचे तर तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह खालीच आहे. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत आणि आत स्तंभांच्या रांगांच्या शेवटी स्तूप आहे. अकरावे लेणे, ज्याला दरबार म्हणतात, तेथे दगडाचे दोन लांब ठेंगणे ओटे आहेत. हेही फार वर नाही. एवढे पाहून ते सावलीत बसू शकतील. वरच्या बाजूची एक्केचाळीस क्रमांकातील अकरा मुखांची अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची मूर्ती आणि नव्वदाव्या लेण्यातील पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख धडधाकट मंडळींनी पाहावेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावे तिथे कोरून ठेवली आहेत.

कडुनिंब
५ जानेवारी, सायंकाळी ७.०५

मी गेल्या एप्रिलमध्ये गेलो होतो आणि माझी घोर निराशा झाली. उष्णकटिबंधातले जंगल म्हणजे घनदाट हिरवेगार असेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात झाडे बोडकी, जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर आणि कातळावर पाय ठेववत नाही असे ऊन होते. जायचे असेल तर पावसाळ्यातच जावे. इतर वेळी पाहुण्यांना नेण्यात अर्थ नाही.

रानजाई
५ जानेवारी, रात्री ९.३०

कडुनिंब, आपली निराशा मला समजते, कारण मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी विद्यार्थ्यांकडून हेच ऐकते. उष्णकटिबंधातले प्रत्येक जंगल सदाहरित नसते. आपले हे जंगल पानझडी आहे. साग, ऐन, कळंब, बिबळा अशी झाडे कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी पाने टाकतात. भिक्षूंनी लहान तोंडाच्या पोढ्या खोदून जे साधले तेच ही झाडे पाने गाळून साधतात, असे लेणीप्रेमींचा प्रतिसाद वाचून मला वाटले. पाने गळाल्यानंतर याच बोडक्या झाडांवर काटेसावर, पांगारा आणि पळस यांची लाल-केशरी फुले येतात आणि त्यांच्यातील मधासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी अशी सारी सृष्टी एका झाडावर जमते. पाने नसल्यामुळे ते पक्षी नीट दिसतातही. आपण सकाळी लवकर गेला असता तर एप्रिलमध्येही आपल्याला बहावा फुललेला पाहता आला असता.

पावसाळ्याच्या शिफारशीबाबत मात्र एक गंभीर सूचना करते. पावसाळ्यातील हिरवाई अपूर्व असते हे खरे, पण वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली ओढ्यात काही मिनिटांत पोहोचतो आणि घोट्याएवढे पाणी कमरेपर्यंत चढते. मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असताना कोणीही पाण्यात उतरू नये.

जानेवारी हा या चौघांसाठी चांगला महिना आहे. ऐनाच्या खोडावरची सुसरीच्या पाठीसारखी साल मुलांना हात लावून पाहू द्यावी. उतारावर कारवीही दाखवावी. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती येथे फुलली होती, म्हणजे आता २०३२ ची वाट पाहायची. ताई, आपला भाचा तेव्हा शाळा संपवत आला असेल किंवा महाविद्यालयात असेल.

चाफेकळी
६ जानेवारी, सकाळी ११.१०

सर्वांचे मनापासून आभार. लेणीप्रेमी आणि रानजाई, तुमचे प्रतिसाद मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी तिसरे लेणे पाहणारच असे जाहीर केले आहे. सासूबाईंचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. त्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा दाखला देतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

येऊरवासी
६ जानेवारी, रात्री ८.४५

मी ठाण्याच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी राहतो. बिबट्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडून जातो, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून अनुभवाने लिहितो.

सासूबाईंची भीती निराधार नाही. २००४ साली या उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. तो काळ आम्ही पाहिला आहे. त्या काळी पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत होती. अनोळखी जागी सोडलेले जनावर बिथरते, त्यामुळे या उपायाने संघर्ष घटत नाही, उलट वाढू शकतो, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. २०११ मध्ये वनविभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी मुंबईकर) हा उपक्रम सुरू केला आणि पकडण्यापेक्षा लोकांना सावधगिरी शिकवण्यावर भर दिला. २०१५ मध्ये जंगलात आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागांत पस्तीस बिबटे नोंदले गेले. एवढे बिबटे शेजारी असताना बहुतेक मुंबईकरांना जन्मभर एकही दिसत नाही, कारण हा प्राणी मुख्यतः रात्री वावरतो आणि माणसाला टाळतो.

धोका दिवसा उघड्या रस्त्यावर पाच माणसे एकत्र चालताना नसतो. तो असतो संध्याकाळनंतर झाडीच्या कडेला एकट्या मुलाला, विशेषतः उघड्यावर शौचाला बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसाला. कचऱ्याच्या ढिगांवर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांसाठी बिबट्या वस्तीपर्यंत येतो, म्हणून उरलेला डबा जंगलात टाकू नये हा नियम स्वच्छतेपुरता नाही. मुलांना मध्ये ठेवावे, कोणाला पुढे धावू देऊ नये आणि ऊन कलण्याआधी बाहेर पडावे. सासूबाईंना हेही सांगावे की उद्यानातील पाड्यांवर राहणारे वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला देव मानून, त्याला नैवेद्य दाखवून, त्याच्याच रानात राहत आले आहेत.

दोन मुलांचा बाबा
६ जानेवारी, रात्री ९.२०

येऊरवासींचा प्रतिसाद मी मुलांना वाचून दाखवला. पायवाट यांच्याशी मी अजूनही पूर्णपणे सहमत नाही. मुलाला आधी वाघ दाखवावा, मग त्याला वाघाच्या घराविषयी कुतूहल वाटू लागते, असा माझा अनुभव आहे. माझा तोच थोरला आज पक्षीनिरीक्षणाला जातो. परंतु दोन्ही एकाच दिवशी कोंबू नये, हे मान्य आहे. आम्ही केलेली चूक तीच होती.

निवृत्त मास्तर
७ जानेवारी, सकाळी ७.००

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि सहावीचे वर्ग घेऊन येथे बहुतेक दर वर्षी आलो. पाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक भर घालतो. विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच जंगलाच्या पोटात आहेत. विहारचे काम १८६० मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. तुळशी १८७९ चा आहे. सर्वसामान्य पर्यटकांना तलावांवर जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. आज भातसा आणि वैतरणेच्या तुलनेत त्यांचा वाटा लहान असला, तरी शहराच्या हद्दीतले पिण्याच्या पाण्याचे तलाव हे दोनच आहेत. दहिसर नदी या उद्यानात उगम पावते. विहार आणि पवई यांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून मिठी नदी सुरू होते. मुलांना मी विचारत असे की हा डोंगर झाडांवाचून असता तर विहारमध्ये पाण्याबरोबर आणखी काय वाहून आले असते? दर वर्षी कोणीतरी 'माती' असे उत्तर देई आणि मला त्या दिवसाचे सार्थक वाटे.

व्यवहाराचे दोन शब्द. कान्हेरीच्या माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये आणि प्रेमाने काही देऊही नये. खाऊ दिल्याने ती धीट होतात आणि मग हिसकावतात. पाणी घरून मोठ्या बाटलीत न्यावे आणि रिकामी बाटली परत आणावी. एकदा एका सहलीच्या गटाने चैत्यगृहात ध्वनिवर्धक लावून नाच केलेला पाहून माझे विद्यार्थी स्तब्ध झाले होते. ज्या दालनात कुजबुजही घुमते तिथे असे करणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला त्यांना समजावून सांगता आले नाही.

चाफेकळी
१५ जानेवारी, रात्री १०.००

मंडळी, आम्ही काल, बुधवारी जाऊन आलो. पावणेसातला फाटकावर पोहोचलो. व्याघ्र विहार सोडला. भाचा सुरुवातीला थोडा रुसला होता, परंतु पायवाट यांनी सांगितलेला भृंगराज शोधण्याचे काम त्याला दिल्यावर रुसवा गेला. भृंगराज दिसला नाही. मात्र रस्ता ओलांडणारी चितळांची एक रांग दिसली आणि शेवटचे पाडस आमच्याकडे पाहत क्षणभर थांबले. हळद्या दोनदा दिसला.

नऊच्या बसने कान्हेरीला गेलो. सासरे तिसऱ्या लेण्यात पोहोचले. मूर्तीच्या पायाशी उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ते आणि मी खाली सावलीत बसलो आणि नणंद मुलांना घेऊन वर गेली. ती तासाभराने परतेल असे वाटले होते, पण दोन तास झाले तरी आली नाही म्हणून मी शोधायला गेले, तर ती एका लेण्याच्या अंगणात पोढीच्या काठावर बसली होती आणि मुले माथ्यावरच्या पन्हळी मोजत होती. जानेवारी असूनही आत पाणी होते.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा भाचा लहान होता आणि नणंद टँकरच्या रांगेत रात्री दोन वाजता घागरी घेऊन उभी राहत असे. हे मला ठाऊक होते, पण तिने ते कधी बोलून दाखवले नव्हते. काल तिथे बसून तिने मुलांना ते पहिल्यांदा सांगितले. मुलीने विचारले की आपल्या गच्चीवरून अशी पन्हळ खाली आणता येईल का. आज सकाळपासून भाचा आणि सासरे जेवणाच्या मेजावर कागद पसरून लातूरच्या घराच्या गच्चीचा नकाशा काढत आहेत. लेणीप्रेमी, गच्चीचे क्षेत्रफळ आणि पाऊस यांवरून टाकी किती मोठी लागेल याचा हिशेब त्यांना हवा आहे. कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावा.

वाटेत एका उतारावर पांढऱ्याफटक, गुळगुळीत खोडाचे एकही पान नसलेले झाड दिसले. त्याचे नाव मुलांना हवे आहे.

निवृत्त मास्तर
१६ जानेवारी, सकाळी ६.५०

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणून गच्चीचे चौरस मीटर आणि वर्षाच्या पावसाचे मिलिमीटर यांचा गुणाकार करावा, आणि वाया जाणाऱ्या पाण्यासाठी त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. शंभर चौरस मीटरची गच्ची आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर छप्पन्न हजार लिटर हाती लागतात. गुणाकार मुलालाच करू द्यावा. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी गच्ची धुण्यासाठी बाहेर सोडण्याची सोय नकाशात दाखवायला सांगावी. ती बहुतेक जण विसरतात.

रानजाई
१६ जानेवारी, सकाळी ९.१५

पांढऱ्या खोडाचे ते झाड कांडोळ असावे. रात्री चंद्रप्रकाशात ते चमकते म्हणून त्याला भुताचे झाडही म्हणतात. त्याच्या खोडातून निघणारा डिंक औषधात वापरतात. लातूरकडच्या खडकाळ माळावर ते आढळते का, हे मुलांनी परत गेल्यावर शोधावे आणि येथे कळवावे.